डब्यातले मणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



जुन्या मण्यांच्या आणि काचखड्यांच्या दागिन्यांवर आज मी बोलावे असे चिटणीसबाईंनी सुचवले, तेव्हा मी त्यांना म्हटले, "मला ओवता येते, बोलता येत नाही." त्यावर त्या म्हणाल्या, "मग ओवता ओवता बोला." म्हणून हा पत्र्याचा डबा समोर घेऊन उभी आहे. मधूनच माझा हात डब्यात गेला तर राग मानू नका. हात रिकामे असले की माझी जीभ अडखळते.

आपल्या गुरुवारच्या बैठकीत हे काम सुरू झाले ते हौसेने नव्हे, अडचणीतून. एका मैत्रिणीच्या आजीची ट्रंक आवरताना तुटलेल्या माळांचा एक गोळाच निघाला. दोरे कुजलेले, फासे गंजलेले, मणी मात्र जसेच्या तसे. सोनार त्यांना हात लावीना, कारण त्यात सोने नव्हते. टाकून देणे जिवावर येई, कारण आजीच्या गळ्यातले होते. पूर्वी अशा वेळी पटवेकऱ्याकडे जावे, त्याने पोत गाठून द्यावी. आता पटवेकरी शोधावा लागतो. शेवटी आम्हीच सुई घेतली. आपल्या भंडाऱ्याची ओळख पितळेची, त्यामुळे पितळी तार मिळायला अडचण नव्हती; तिचे आकडे आणि कड्या आम्ही स्वतः वळवायला शिकलो. पहिल्या महिन्यात वळवलेले आकडे आजही माझ्याजवळ आहेत. मासे पकडायला बरे!

दोऱ्याचे आधी सांगते, कारण माळ मण्यांनी दिसते पण दोऱ्याने टिकते. नायलॉनचा दोरा मजबूत खरा, पण गाठ सुटते आणि माळ गळ्यात ताठ उभी राहते, पडत नाही. आपल्याकडे मोहाडी-आंधळगावचा कोसा आहे. ऐनाच्या झाडावरच्या कोशांचे ते सूत. त्याचे चार पदर एकत्र पिळून मेणावरून ओढले की खरबरीतपणा जातो आणि गाठ जिथल्या तिथे बसते. टोकाला डिंकाचे बोट लावून वाळू द्यावे. बारीक भोकाच्या मण्यातून मग सुईवाचूनही दोरा जातो. दर मण्यानंतर एक गाठ घ्यावी. वेळ लागतो, पण माळ तुटलीच तर एकच मणी पडतो, घरभर रांगावे लागत नाही.

आता मण्यांकडे येते. मणी हाती आला की मी तो प्रथम गालाला लावते. काच गार लागते, प्लॅस्टिक तसे लागत नाही. मग दोन मणी एकमेकांवर हलकेच टेकवून कान द्यावा. काचेचा आवाज वेगळा, तो एकदा ऐकला की विसरत नाही. त्यानंतर चष्मा लावून भोकाकडे पाहावे, कारण मण्याची जन्मकथा भोकापाशी असते. काही मणी काचेची लांब पोकळ नळी ओढून, तिचे बारीक तुकडे करून झालेले असतात. हे तुकडे राखेत घोळवून पुन्हा तापवले की त्यांच्या धारदार कडा गोल होतात. अशा मण्यातले बुडबुडे आणि रेघा भोकाच्या दिशेने लांबट गेलेल्या दिसतात. आंध्रात पापानायडूपेट येथे या रीतीने मणी करणारी घराणी आहेत. दुसरी रीत म्हणजे लोखंडी सळईवर वितळलेली काच गुंडाळायची; त्या मण्यात रेघा भोकाभोवती फिरतात. उत्तर प्रदेशातल्या पुर्दिलनगरला हे काम चालते. तिसरा प्रकार साच्यात दाबलेला. त्याच्या कडेने नखाला लागेल न लागेल अशी बारीक शिवण असते.

आपल्या आज्यांच्या ट्रंकांतून निघणारे पैलूदार लाल-हिरवे मणी बहुधा या तिसऱ्या जातीचे. त्यांना घरात 'विलायती' म्हणत; पण ते इंग्लंडचे नव्हेत. बोहेमियात, म्हणजे आजच्या झेक देशात, याब्लोनेट्स नावाचे गाव आहे. जर्मन लोक त्याला गाब्लोन्झ म्हणत. डोंगराळ मुलूख, घरोघर काचेचे काम. तिथून मणी, खडे आणि बांगड्या पेट्या भरभरून हिंदुस्थानात येत. १९१८ पर्यंत तो भाग ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, म्हणून मालही ऑस्ट्रियाचा म्हणून विकला जाई. १९१४ साली लढाई लागली तसा तो माल बंद झाला आणि बाजारात जपानी काच आली. मला याचे नेहमी नवल वाटते. कुठल्या तरी सम्राटाने लढाई पुकारावी आणि वैनगंगेकाठच्या एखाद्या पोरीच्या माळेतले मणी बदलावेत!

दुसऱ्या महायुद्धानंतर त्या गावातल्या जर्मन कारागिरांना घरेदारे सोडावी लागली. त्यांतल्या अनेकांनी बव्हेरियात नव्याने वस्ती केली आणि तिला नाव दिले नवे गाब्लोन्झ. तिथे त्यांनी पुन्हा काचेचेच काम मांडले. आपल्याकडेही परदेशी काचेला उत्तर देण्याची धडपड झाली होती. घरोघर एकेक पैसा गोळा करून अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभा केला, लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाड्याला त्यातून काचेचा कारखाना निघाला. एका पैशाच्या देणगीतून काचेची भट्टी पेटली, हे मला सोन्याच्या खाणीपेक्षा मोठे वाटते.

खड्यांबाबत माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, म्हणजे तुमच्या हातून होणार नाही. काचेच्या खड्यामागे चमक यावी म्हणून चांदीसारखा पातळ पत्रा किंवा मुलामा असतो; आपले सोनार त्याला डांक म्हणतात. माझ्या मावशीच्या कुड्या मळल्या होत्या. मी त्या रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवल्या. सकाळी पाहते तो खडे काळेठिक्कर. पाणी कोंदणात शिरून डांक गेला होता. मावशी काही बोलल्या नाहीत, फक्त कुड्या उचलून आत ठेवल्या. तेव्हापासून खडे मी कोरड्या मऊ फडक्यानेच पुसते. मण्यांना पाणी चालते, खड्यांना नाही. आणखी एक सांगून ठेवते: लाल-काळ्या गुंजा माळेत शोभतात म्हणून त्यांना भोके पाडायला जाऊ नका. गुंजेच्या आतला गर जहरी आहे.

इथवर सांगितले ते कोणीही सांगेल. आता सांगावयाचे आहे ते थोडे अवघड आहे.

माझे माहेर पवनीचे. पवनीचा तट आणि खंदक तुम्ही पाहिलाच आहे. पहिला पाऊस पडून गेला, माती धुपली की बांधाकडेला मणी वर येत. आम्ही मुली परकराच्या ओच्यात ते वेचत असू. विटकरीच्या रंगाचे, मधासारखे, काळ्यावर पांढरी रेघ असलेले. शेजारची एक म्हातारी म्हणे, "ठेव ना व पोरी, जुन्या राजाच्या रानीचे आहेत ते." आम्ही तिला हसत असू. तीन शेतांतले मणी मी एकाच डब्यात भरले, लग्नात तो डबा सासरी आणला, आणि गुरुवारची बैठक सुरू झाली तेव्हा त्यातले अकरा सुंदर मणी निवडून लाल काचेच्या मण्यांबरोबर एक माळ केली. प्रदर्शनात ती पहिल्या तासाला गेली. तीनशे रुपये आले. मी खूश.

त्याच प्रदर्शनात एक मुलगी आली होती, पुरातत्त्व शिकणारी. तिने माळेचा फोटो पाहिला आणि मला विचारले, "काकू, हे कोणत्या शेतातले?" मी म्हटले, "पवनीचे." "पवनीत कुठले? तटाच्या आतले की बाहेरचे?" मला सांगता येईना. मग तिने विचारले, "यांच्याबरोबर भोक न पडलेले, अर्धवट घासलेले काही होते का?"

होते ना! चांगले मूठभर होते. ओवता येत नाहीत म्हणून मी ते टाकून दिले होते.

तिचा चेहरा उतरला. पण ती रागावली नाही. तिथेच खुर्ची ओढून तिने मला समजावून सांगितले. पवनीला १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खाते यांनी मिळून उत्खनन केले. डॉ. शांताराम भालचंद्र देव आणि श्री. जगत्पती जोशी यांनी ते केले आणि १९७२ साली त्याचा वृत्तांत छापून निघाला. जगन्नाथाच्या टेकडीखाली बौद्ध स्तूप होता हे त्यातून कळले. दोन हजार वर्षांपूर्वी, त्याच्याही आधी, आपले हे गाव नांदते होते. नागपूरजवळच्या माहुरझरीलाही डॉ. देवांनी पुढे उत्खनन केले. ते तर मणी घडवणाऱ्यांचेच ठिकाण. दगडाचे खडे फोडायचे, तासायचे, घासायचे आणि मग दोन्ही बाजूंनी भोक पाडत मध्यावर जुळवायचे. खंबायतला अकीक तापवून लाल करतात, घासतात, भोके पाडतात, त्याच कुळीचे हे काम.

"पुरा झालेला मणी कुणीही कुठूनही विकत आणला असेल," ती म्हणाली, "पण अर्धवट भोकाचा मणी कोण विकत घेणार? तो जिथे सापडतो तिथे कारागीर बसलेला असतो."

आईबहिणींनो, मी त्या कारागिराला केरात टाकले होते. मणी कोणत्या थरात, कशाशेजारी मिळाला हे लिहून ठेवले असेल तर तो बोलतो. माझ्या डब्यात पडला की मुका होतो, आणि माळेत गेला की परगावी जातो. शिवाय कायदाही आहे. १८७८ पासून भारतीय निखात निधी कायदा आहे. निखात म्हणजे जमिनीत पुरलेले. दहा रुपयांहून अधिक मोलाचे असे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. संरक्षित जागेत तर कुणी उकरूच नये. मला यातले काही ठाऊक नव्हते. ठाऊक नसणे ही सबब झाली, उत्तर नव्हे.

त्या रात्री मला झोप आली नाही. टाकलेले मणी कुठे टाकले ते आठवत बसले. पहाटे आठवले: तुळशीवृंदावनात, माती भुसभुशीत राहावी म्हणून! सकाळी तुळशीची क्षमा मागून माती चाळली. दोन सापडले. एकाला एका बाजूने भोक पाडायला नुकती सुरुवात केलेली, बारीक वाटीसारखा खळगा. तिथेच कारागिराचा हात थांबलेला. का थांबला असेल? दगडाला चीर दिसली की जेवायला हाक आली? मग मी माहेरी गेले, भावाला घेऊन तिन्ही शेते फिरले, ज्या बांधाची आठवण पक्की होती तेवढ्याची खूण कागदावर काढली आणि डब्यातले उरलेले दगडी मणी त्या दोघांसह रीतसर अर्ज करून सरकारात जमा केले. विकलेली माळ मात्र परत मिळाली नाही. ते तीनशे रुपये मी मंडळाच्या पेटीत टाकले आहेत, हिशेबात दिसतील.

तेव्हा आपल्या गुरुवारी आता एक रिवाज आहे: मणी आणला की तो कुणाचा, कुठून आला, हे वहीत लिहायचे. ट्रंकेतला, गळ्यातला, बाजारातला मणी खुशाल ओवावा. जमिनीतून वर आलेला ओवू नये. तो पाहावयाचा असेल तर नागपूरचा अजब बंगला आहे, १८६३ पासून उघडा आहे.

या वहीमुळेच दुसरी गोष्ट पुढे आली. डब्यात एक लाल चिंधीची पुडी होती. वहीत तिची नोंद करताना माझा हात अडला. माझे सासरे १९७४ साली गेले. तेव्हा सासूबाईंची काळी पोत वाढवली. 'तोडली' हा शब्दसुद्धा आपल्या तोंडातून निघत नाही, इतके आपण जपून बोलतो. रीतीप्रमाणे ती वैनगंगेत सोडावयाची. सगळे मणी नदीत गेले असे आम्ही समजत होतो. सासूबाई गेल्यावर त्यांच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत ही पुडी सापडली. मोजले तर दोनशे सव्वीस मणी. नळीच्या काचेचे, मोहरीएवढे, अंगाच्या घामाने आणि तेलाने गुळगुळीत झालेले. त्यानंतर तीस वर्षे त्यांनी गळ्यात काळा मणी घातला नाही. पण ते मणी त्यांनी घरात राखले होते. कधी उघडून पाहत असतील का, कुणास ठाऊक. शेजारच्या आजींनी पुडी पाहिली आणि म्हणाल्या, "कारी पोत आहे ते माय. ओवू नोको, कुनाला देऊ नोको." मी पुडी तशीच बांधून ठेवली होती.

माझी धाकटी जाऊ आपल्या बैठकीतली सर्वांत सुरेख हाताची. तिपदरी माळेत तिन्ही पदर सारखे पाडणे आपल्यात फक्त तिला येते. २०२१ च्या मे महिन्यात, साथीत, माझे दीर गेले. ती घरात बसली ते ठीकच. पण वर्ष उलटले तरी गुरुवारी येईना. संक्रांतीच्या आधी आपण हळदीकुंकवासाठी काळ्या पोती गाठतो, गरसोळ्या नव्याने ओवून देतो. त्या कामाला आपला हात लागू नये, असे तिने आपले आपणच ठरवले. तिला येऊ नकोस असे आपल्यातली एकही म्हणाली नव्हती. ये म्हणायलाही आपण कोणी गेलो नव्हतो. त्यात मी घरातली. मीही म्हटले नाही. दार उघडे आहे, येईल तेव्हा येईल, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालत असे.

त्याच सुमारास, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. वर्तमानपत्र मी जावेच्या हाती दिले. तिने वाचले, घडी केली, आणि भाजी चिरायला घेतली. ठरावाने गळ्यात मणी येत नाहीत, हे मला तेव्हा कळले.

मग एक दिवस मी ती लाल पुडी आणि कोशाचा दोरा तिच्यापुढे ठेवला. म्हटले, "माझे डोळे पोचत नाहीत, एवढे मणी निवडून दे." ती निवडू लागली. बऱ्याच वेळाने, वर न पाहता म्हणाली, "ताई, हे आईंचे ना?" मी हो म्हटले. तिचा हात थांबला. मला वाटले, उठून जाईल. पण तिने दोऱ्याचे टोक पुन्हा ओले केले. चार दिवस ती माळ चालली होती. काळ्या मण्यांची एकपदरी, मधे आमच्या डब्यातले चार पांढरे पैलूदार काचखडे, खाली वाटी नाही, डोरले नाही. फासा पितळेचा, तिनेच वळवलेला.

पुढच्या प्रदर्शनाला ती माळ घालून आली. तुमच्यापैकी काहींनी पाहिली आहे. एका बाईंनी तिला सर्वांसमक्ष विचारलेही की हे काय घातले आहेस. जाऊ म्हणाली, "सासूबाईंची माळ आहे." एवढेच. माझी छाती धडधडत होती, तिची धडधडत नव्हती. विचारणाऱ्या बाईंनी नंतर स्वतःची पोत गाठायला तिच्याकडेच दिली, हेही सांगितले पाहिजे.

मी आज भाषण करते आहे त्याचा एक उपयोग करून घेते. गेल्या वर्षीच्या आपल्या संक्रांतीच्या पत्रिकेवर 'सर्व सुवासिनींनी अगत्य यावे' असे छापले होते. मजकूर मीच लिहून दिला होता, नेहमीचा म्हणून. या वर्षी 'सर्व भगिनींनी' असे छापावे, आणि वाण देताना हात कुणापुढे आखडू नये, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे. अध्यक्षबाई हसत आहेत. त्यांनी हो म्हटले असे मी धरून चालते. काहीजणींना हे रुचणार नाही, तेही मला ठाऊक आहे. त्यांनी माझ्याकडे यावे, भांडावे. चहा मी करीन.

डबा आता पहिल्या रांगेपासून फिरवते आहे. मणी हातात घ्या, गालाला लावा, भोकातून उजेडाकडे पाहा. झाकणात वेगळे काढलेले आहेत ते खडे. त्यांना ओले हात लावू नका. लाल चिंधी रिकामी आहे, पण ती डब्यातच राहू द्या. गुरुवारी दुपारी तीन वाजता ज्यांना यावयाचे असेल त्यांनी घरातल्या तुटक्या माळा, दहा नंबरची सुई आणि चष्मा आणावा. दोरा मंडळ देईल. शिकवायला माझी जाऊ आहे. ती खिडकीशी बसते, तिथे उजेड चांगला असतो.